सोनमासा पंधरा दिवसांत का मरतो?

टाकी बनवणारे कारागीर, मासे विकणारे दुकानदार आणि घरी मासे पाळणारे यांच्यासाठी

रविवारी संध्याकाळी एक गृहस्थ मुलाचा हात धरून रंगीत माशांच्या दुकानात येतात. मुलाची नजर लाल-केशरी सोनमाशांवर, म्हणजे गोल्डफिशवर खिळते. दुकानदार काचेचे एक गोल भांडे काढतो. त्यात मूठभर रंगीत खडे, एक प्लास्टिकचे झाड, खाद्याची पुडी आणि माशांची जोडी असा सगळा सौदा पाच मिनिटांत उरकतो. मुलगा खूश, बाप खूश, दुकानदारही खूश.

आठव्या-दहाव्या दिवशी सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. दुसरा पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत असतो आणि संध्याकाळपर्यंत तोही जातो. गृहस्थ पुन्हा दुकानात येतात. दुकानदार म्हणतो, "मासे नाजूकच असतात साहेब, दुसरी जोडी न्या." दुसऱ्या जोडीचेही तेच होते. तिसऱ्यांदा मात्र ते गृहस्थ येत नाहीत. गोल भांडे माळ्यावर जाते आणि "मासे आपल्याला लाभत नाहीत" असा समज त्या घरात कायमचा बसतो.

दुकानदाराला वाटते, चार मासे विकले. प्रत्यक्षात त्याने दहा वर्षांचे गिऱ्हाईक गमावलेले असते. हे नुकसान टाळता येते, आणि त्यासाठी फार भांडवलही लागत नाही. माशाला काय लागते हे नीट समजून घेणे आणि ते गिऱ्हाइकाला इमानदारीने सांगणे, एवढेच लागते. शिवाय तो मासा म्हणजे मुका जीव आहे. तो आपल्या अज्ञानामुळे तडफडून मरू नये, ही गोष्ट हिशेबाच्या आधी येते.

मासा नाजूक नाही

सोनमासा नाजूक असतो हा पहिला गैरसमज. तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याच्या नात्यातला चिवट मासा आहे. चीनमध्ये तळ्यातल्या साध्या करड्या माशांत अधूनमधून निघणारे पिवळे-लाल मासे वेगळे काढून त्यांची पैदास होऊ लागली. सोंग घराण्याच्या काळात, म्हणजे इसवी सन ९६० ते १२७९ या दरम्यान, ही पैदास चांगलीच रुजली होती. पुढे मिंग काळात मासे घरात भांड्यांमध्ये ठेवले जाऊ लागले. तिथून ते जपानला आणि सतराव्या शतकात युरोपला पोहोचले. आज दुकानात दिसणारे ओरँडा, रायुकिन, ब्लॅक मूर, शुबनकिन, कॉमेट हे सगळे त्याच एका माशाचे निवडक पैदाशीतून घडवलेले प्रकार आहेत.

नीट सांभाळलेला सोनमासा दहा ते पंधरा वर्षे सहज जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला 'टिश' नावाचा सोनमासा १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन मेला. गिनीजच्या विक्रमात त्याची नोंद आहे. मग आपल्याकडचा मासा पंधरा दिवसांत का मरावा? याचे उत्तर पाण्यात आहे.

मारणारे विष दिसत नाही

मासा खातो आणि घाण टाकतो. त्याच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात मिसळतो. उरलेले खाद्य कुजले की त्यात आणखी भर पडते. पाणी दिसायला स्वच्छ असते, पण माशाचे कल्ले आतून भाजत असतात. तोंड वर काढून धापा टाकणे हे भुकेचे नव्हे, गुदमरण्याचे लक्षण असते. आपल्याला वाटते मासा खायला मागतो आहे. आपण आणखी दाणे टाकतो आणि विष आणखी वाढते.

नदी-तळ्यात हे होत नाही, कारण तिथे भरपूर पाणी असते आणि अमोनिया खाणारे सूक्ष्म जीवाणू असतात. जीवाणूंची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते. तेही विषारीच. दुसरी जात त्या नायट्राइटचे नायट्रेट करते, जे त्या मानाने बरेच निरुपद्रवी असते आणि पाणी बदलले की निघून जाते. नव्या टाकीत हे जीवाणू नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नवा मासा पहिल्या पंधरवड्यात मरतो तो याच कारणाने.

यावर सोपा उपाय आहे. आपल्या घरात दूध विरजताना आपण आधीच्या दह्याचे विरजण घालतो. तसेच दुकानातल्या जुन्या, निरोगी टाकीच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा नव्या टाकीच्या फिल्टरमध्ये ठेवला, तर जीवाणूंचे विरजण लागते आणि टाकी लवकर तयार होते. तुकडा ओला राहिला पाहिजे, आणि तो घरी जाताच चालू फिल्टरमध्ये पडला पाहिजे. दुकानदाराला या तुकड्याचा खर्च जवळजवळ काहीच नाही. पण गिऱ्हाईक ही गोष्ट विसरत नाही.

स्पंज धुण्याचीही रीत आहे. तो नळाखाली खळखळून धुतला की नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जीवाणू मरतात आणि टाकी पुन्हा नव्यासारखी होते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोन-तीन वेळा पिळून घ्यावा. एवढे पुरते.

गोल भांडे विकू नये

गोल भांड्यात सात-आठ लिटर पाणी मावते, फिल्टर बसत नाही आणि भांडे गळ्याशी निमुळते असल्याने पाण्याला हवा लागण्याची जागा कमी पडते. सोनमासा पोटभर खाणारा आणि भरपूर घाण करणारा मासा आहे. लांब शरीराचा साधा सोनमासा आणि कॉमेट वाढून फूटभर होऊ शकतात. फुगीर अंगाचे प्रकारही सहा ते आठ इंच होतात. "भांडे लहान असेल तर मासा लहानच राहतो" असे सांगितले जाते. त्या माशाची वाढ खराब पाण्यामुळे खुंटलेली असते, आणि तो लवकर मरतो. इटलीतील रोम शहराने २००५ मध्ये गोल भांड्यात मासे ठेवायला बंदीच घातली.

हिशेब असा ठेवावा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. ती फुगीर अंगाच्या एकाच लहान माशाची सुरुवातीची सोय समजावी. जोडी ठेवायची तर अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि सव्वा फूट उंच, म्हणजे सुमारे ११० लिटरची टाकी घ्यावी. लांब शरीराच्या कॉमेटसाठी मात्र घरातली टाकी अपुरीच पडते. त्याला अंगणातला हौद बरा.

काचकाम करणाऱ्यांसाठी

एके काळी टाक्या लोखंडी अँगलच्या चौकटीत पुटीने काच बसवून होत असत. चौकट गंजे आणि पुटी गळे. सिलिकॉन आल्यापासून चौकट गेली आणि काच कापणाऱ्या कारागिराला हा जोडधंदा खुला झाला. खिडक्या-शोकेसची कामे कमी असतील तेव्हा टाकी बनवून ठेवता येते. मात्र पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

काचेची जाडी ठरवताना उंचीकडे आधी बघावे, कारण पाण्याचा दाब उंचीप्रमाणे वाढतो. एक फूट उंचीच्या दोन फुटी टाकीला ६ मिलिमीटर काच चालते. सव्वा फूट उंचीच्या अडीच फुटी टाकीला ८ मिलिमीटर वापरावी. चार पैसे वाचवण्यासाठी पातळ काच लावून टाकी फुटली, तर ग्राहकाच्या घरात शंभर लिटर पाणी आणि काचेचे तुकडे पसरतील.

पुढची आणि मागची काच पूर्ण लांबीची ठेवली, तर बाजूच्या काचा जाडीच्या दुपटीने आखूड कापाव्या लागतात, म्हणजे ६ मिलिमीटर काचेला १२ मिलिमीटर कमी. सिलिकॉनच्या थरासाठी आणखी एखाद-दोन मिलिमीटर सोडावेत. सगळ्या कडा घासून घ्याव्यात. टाकीत हात घालणार घरातली मुलेच.

सिलिकॉन निवडताना ट्यूबवरचा मजकूर वाचावा. न्हाणीघरासाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते आणि ते माशांना मारते. बुरशीनाशक नसलेले, टाकीसाठी चालणारे सिलिकॉनच घ्यावे. सिलिकॉन लावताना येणारा व्हिनेगरसारखा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत टाकी हलवू नये. दोन-तीन दिवस सुकू द्यावी, मग पाणी भरून एक दिवस-रात्र गळती पाहावी आणि नंतरच ग्राहकाला द्यावी. टाकीच्या आत तांबे किंवा पितळ वापरू नये. तांबे माशांना विषारी आहे.

सुतार आणि वेल्डर बंधूंनी वजनाचा विचार करावा. अडीच फुटी भरलेली टाकी काच, खडी आणि पाणी मिळून सव्वाशे ते दीडशे किलो भरते. स्टँड पाणसळीत हवा. काचेच्या तळाखाली थर्मोकोलची शीट घातली की वजन सारखे पसरते आणि एका खड्यावर दाब येऊन तळ तडकत नाही.

आणखी एक इशारा. काचकाम करणाऱ्यांच्या हाताला कापलेले-खरचटलेले नेहमीच असते. माशांच्या पाण्यातले काही जंतू अशा जखमेतून शिरून न बरी होणारी गाठ किंवा फोड उठवतात. जखमेचा हात टाकीत घालू नये, आणि अशी गाठ आली तर डॉक्टरांना माशांच्या पाण्यात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

पाणी, ऊन आणि वीज

नळाचे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर फोटोग्राफर वापरतात ते हायपोचे एक-दोन बारीक खडे बादलीत विरघळवावेत. बोअरचे जड पाणी सोनमाशाला चालते, पण तेही एक दिवस हवा मारून वापरावे. दर आठवड्याला टाकीतले चौथाई ते एकतृतीयांश पाणी बदलावे. सगळे पाणी एकदम ओतून टाकी घासण्याची सवय हे मासे मरण्याचे आणखी एक मोठे कारण आहे.

सोनमासा थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश तापमान त्याला मानवते. हीटर लागत नाही. आपल्याकडे अडचण उन्हाळ्याची. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला तो साडेसातवर येतो. त्याच वेळी माशाची गरज मात्र वाढते. म्हणून उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवावी, हवेचा पंप सतत चालू ठेवावा, खाणे कमी करावे. फारच तापले तर पाणी भरून गोठवलेली, झाकण घट्ट लावलेली बाटली टाकीत तरंगत सोडावी. बर्फ थेट टाकू नये, कारण तापमान एकदम उतरणेही वाईट.

वीज जाणाऱ्या गावांत बॅटरीवर चालणारा छोटा पंप प्रत्येक टाकीबरोबर विकावा. तो नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्याने टाकीतलेच पाणी उंचावरून परत टाकीत सोडावे. तांब्या स्टीलचा किंवा प्लास्टिकचा असावा.

खाणे आणि आजार

माशाला पोट, म्हणजे जठर, नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. त्यामुळे एकदम भरपूर खाणे त्याला पचत नाही. सकाळ-संध्याकाळ, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. तळाला बसणारे दाणे थोडे भिजवून दिले तर मासा खाताना हवा गिळत नाही. आठवड्यातून एक दिवस उपास ठेवावा. फुगीर अंगाचा मासा एका अंगावर कलून पोहू लागला तर एक-दोन दिवस खाणे बंद ठेवून नंतर मटारचा उकडलेला, साल काढलेला दाणा द्यावा. बहुतेक वेळा बद्धकोष्ठ सुटते. पाव, बिस्किट, भात कधीच टाकू नये.

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले तर तो परजीवीचा रोग असतो. आयोडीन नसलेले खडे मीठ लिटरमागे दोन ते तीन ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला २०० ते ३०० ग्रॅम, एक-दोन दिवसांत थोडे थोडे विरघळवून घालावे आणि आठ-दहा दिवस ठेवावे. टाकीत खरी झाडे असतील तर ती आधी काढून घ्यावीत. ठिपके गेले म्हणून उपाय लगेच थांबवू नये. परजीवी माशाच्या अंगातून सुटून पाण्यात पोहत असतो तेव्हाच तो मरतो. प्रत्येक आजाराला निळे-पिवळे औषध ओतण्याआधी पाणी बदलून पाहावे. निम्मे आजार खराब पाण्याचेच असतात.

दुकानदाराने काय करावे

पहिली गोष्ट, टाकी आज द्यावी आणि मासे नंतर. पाणी भरून, फिल्टर चालू करून, विरजणाचा स्पंज घालून आठवडाभर टाकी चालू राहू द्यावी आणि मग एकच मासा न्यायला सांगावा. पहिला महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी थोडे पाणी बदलायला सांगावे. गिऱ्हाईक आज थोडे नाराज होईल, पण महिन्याने आभार मानायला येईल.

दुसरी, बाहेरून आलेला नवा माल दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये येवो की थेट चेन्नईच्या कोळत्तूर भागातून किंवा कोलकात्याहून येवो, लांबचा प्रवास केलेला मासा थकलेला असतो. तो त्याच दिवशी विकणे म्हणजे आजार विकणे.

तिसरी, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा किंवा प्राणवायू भरावा. घरी गेल्यावर बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगत ठेवायची, मग पिशवीत थोडे थोडे टाकीचे पाणी घालायचे आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडायचा, हे गिऱ्हाइकाला दाखवून द्यावे. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

चौथी, सोनमाशाबरोबर काच साफ करणारा 'सकर' मासा विकू नये. तो मोठा होतो आणि रात्री सोनमाशाच्या अंगाचा चिकट थर चाटून त्याला जखमी करतो. तो वाढल्यावर लोक त्याला तळ्यात सोडतात. दक्षिणेत आणि बंगालमध्ये हा परदेशी मासा नैसर्गिक पाण्यात पसरून तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो आणि देशी माशांची जागा घेतो. सोनमासाही नदी-तळ्यात सोडणे योग्य नाही. नको झालेला मासा आम्ही परत घेऊ, अशी पाटी दुकानात लावावी.

हिशेब काय सांगतो

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. आकडे आपापल्या गावाप्रमाणे बदलून घ्यावेत. समजा गोल भांडे आणि जोडी विकून १५० रुपये सुटले आणि पुढच्या एका जोडीत ४० रुपये. एकूण १९० रुपये, आणि गिऱ्हाईक संपले. दुसरीकडे अडीच फुटी टाकी, स्टँड, फिल्टर आणि पंप यांत मिळून ६०० रुपये सुटले आणि मासा जगल्यामुळे खाद्य-स्पंज वगैरेत महिन्याला ३० रुपये सुटत राहिले, तर तीन वर्षांत १,०८० रुपये होतात. एकूण १,६८०. यात काच कापणाऱ्याला काम मिळाले आणि स्टँड करणाऱ्याला काम मिळाले. शिवाय ते घर आपल्या शेजाऱ्या-पाहुण्यांना दुकानाचे नाव सांगते. खरी बरकत इथे आहे.

ज्यांच्याकडे थोडे अंगण किंवा गच्ची आहे, त्यांना पैदाशीचाही विचार करता येईल. घरातल्या महिलाही हे काम सांभाळू शकतात. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शोभिवंत माशांच्या संगोपनासाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. आजची स्थिती आणि अर्जाची रीत जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन स्वतः विचारावी, दलालावर विसंबू नये. मात्र आधी वर्षभर दोन टाक्या नीट सांभाळून दाखवाव्यात आणि मगच कर्जाला हात घालावा.

शेवटी

मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि कितीतरी मुलांनी काचेला नाक लावून रंगीत मासे पहिल्यांदा तिथे पाहिले. तेच कुतूहल घेऊन आजचे मूल तुमच्या दुकानात येते. सोनमाशाची आठवण तीन सेकंदांची असते असे लोक थट्टेने म्हणतात. तेही खरे नाही. खाण्याची वेळ आणि खायला देणारा माणूस तो ओळखू लागतो आणि त्याला पाहून काचेशी येतो. ज्या मुलाचा मासा असा काचेशी येतो, ते मूल मोठे होऊनही तुमच्याच दुकानाची पायरी चढेल.

तेव्हा पुढच्या रविवारी कोणी मुलाला घेऊन आले आणि गोल भांड्याकडे बोट दाखवले, तर ते भांडे खाली काढू नका. त्यांना स्टुलावर बसवा, चहा मागवा आणि पाण्याची गोष्ट सांगा. त्या दिवशी गल्ल्यात कमी पडेल, पण ते मूल पुढच्या महिन्यात पुन्हा येईल.